पाझर आणि प्रकाश

यवतमाळच्या काळ्या जमिनींत ज्यांनीं घर बांधलें आहे त्यांस तिचा स्वभाव निराळा सांगावयास नको. वैशाखांत ती हात हात खोल भेगाळते व भिंतींस तडे पाडते. आषाढाची पहिली झड लागली कीं फुगून वर येते, आणि काल सुखानें मिटणारें दार आज चौकटींत अडून बसतें. पऱ्हाटीस ही माती आईसारखी, गवंड्यास मात्र सावत्र आईसारखी! तथापि तिचा एक गुण असा आहे कीं त्यासाठीं धरणें बांधणारांनीं तिचे सारे दोष पोटांत घातले. योग्य तेवढी भिजवून, थर थर दाबून बसविली म्हणजे ती पाणी सहसा पलीकडे जाऊं देत नाहीं. म्हणूनच महाराष्ट्रांतील मातीच्या धरणांचा गाभा बहुधा काळ्या मातीचा असतो, आणि त्यावर दोहों अंगांनीं मुरमाचें पांघरूण असतें.

यवतमाळ जिल्ह्यास अशा धरणांचें अप्रूप उरलेलें नाहीं. पुसदजवळ पूस नदीवर १९७१ च्या सुमारास, जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर इसापूर येथें १९८२ च्या सुमारास, दिग्रसजवळ अरुणावतीवर १९९४ च्या सुमारास, आणि त्यानंतर बाभूळगावाकडे बेंबळेवर, अशीं मोठीं धरणें एकामागून एक झालीं. वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक हे राज्याचे दोन मुख्यमंत्री याच पुसदच्या परिसरांतले. पाणी अडवावें कसें याची चर्चा या जिल्ह्यांत पुष्कळ झाली. अडविलेलें पाणी भिंतीच्या आंतून काय उद्योग करतें, हा विषय मात्र अभियंत्यांच्या वहींतच राहिला. आजचा आमचा लेख त्याविषयीं आहे.

धरण म्हणजे मुळींच न पाझरणारी भिंत, अशी आपणां सामान्य जनांची समजूत असते. ती खरी नव्हे. मातीचें प्रत्येक धरण थोडेंफार पाझरतें, आणि तें पाझरणार हें धरूनच त्याच्या पोटांत वाळूखडीच्या गाळण्या व पायथ्याशीं नाल्या ठेवलेल्या असतात. कांहीं वर्षांपूर्वीं पुसद तालुक्यांतील एका धरणाच्या पायथ्याशीं आम्ही गेलों असतां तेथील वृद्ध चौकीदारानें आम्हांस अशाच एका नालीपाशीं नेलें. नालींत त्रिकोणी खांच पाडलेली पत्र्याची फळी आडवी बसविली होती. खांचेंतून पडणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर पाहून पाझर किती तें काढतात. चौकीदार म्हणाला, "पानी किती येते थे हे पट्टी सांगते, साहेब, पन कसं येते थे डोयानंच पाहा लागते. सफा असन त रात्री झोप लागते."

या दोन वाक्यांत सारें शास्त्र आलें. पाझराचें पाणी निवळ आहे तोंवर तें केवळ मातीच्या कणांमधून वाट काढीत आहे. गढूळ झालें कीं कण बरोबर आणूं लागलें. मग आंत एक बारीक बीळ पडतें, बिळाची नळी होते, नळींतून पाण्याचा वेग वाढतो, व वाढलेला वेग आणखी माती ओढून नेतो. हें सर्व भिंतीच्या पोटांत चालतें. बाहेरून पाहणारास शेवटचा प्रहर येईपर्यंत हिरवळीनें झांकलेला शांत उतारच दिसतो. अमेरिकेंत आयडाहो प्रांतांतील टीटन धरणावर ५ जून १९७६ रोजीं सकाळीं सातच्या सुमारास गढूळ गळती दृष्टीस पडली. ती बुजविण्यास दोन बुलडोझर धाडले, ते खड्ड्यांत गेले, आणि मध्यान्ह होण्यापूर्वींच धरण फुटलें. दिसूं लागल्यापासून संपेपर्यंत पुरते पांच तासही मिळाले नाहींत.

आपल्याकडचें पानशेत कोण विसरेल? त्या धरणाचें काम अद्याप पुरें व्हावयाचें होतें, तरी १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें. भिंतीच्या तळांतून पाणी सोडण्याची जी मोरी होती तिच्यावरचा भराव खचूं लागला. सैन्याचे जवान रात्रंदिवस वाळूचीं पोतीं रचीत होते. पण माथा खचत खचत पाण्याच्या पातळीखालीं गेला, आणि १२ जुलैच्या सकाळीं धरण वाहून गेलें. खालचें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही त्याच दिवशीं फुटलें, व पुण्याचे नदीकांठचे पेठांचे भाग पाण्याखालीं गेले. माथा खचतांना पाहणारे डोळे तेथें पुष्कळ होते. त्या मोरीच्या भोंवतीं मातीच्या आंत काय घडत होतें तें पाहणारा डोळा नव्हता. असा डोळा निर्माण करण्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि त्याच्या वाटेवर दोन भारतीय नांवेंही भेटतात.

पाण्याची चोरवाट शोधण्याचें जुनें साधन कान हें होय. शहरांतील नळ कोठें फुटला हें काढण्यासाठीं जलखात्याचे लोक रात्रीं, सारें सामसूम झाल्यावर, नळावर काठीचें एक टोंक व कानास दुसरें टोंक लावून आंतला सळसळाट ऐकत. लिव्हरपूलच्या डीकन या अभियंत्यानें १८७३ सालीं त्याच्या जोडीस एक मापक यंत्र दिलें; शहर निजलें असतां कोणत्या मोहल्ल्यांत पाणी वाहतें आहे हें त्यावरून कळे. लोखंडी नळ बोलतो, म्हणून हें साधलें. मातीचें धरण बोलत नाहीं. तेथें काठी लावणारानें काय ऐकावें?

या मुक्या मातीस वाचा फोडली ती प्रकाशानें; आणि गंमत अशी कीं, वांकडी वाट चालण्यास प्रकाश पाण्यापासूनच शिकला. जिनिव्हा येथील कोलाडोन यानें १८४१ च्या सुमारास भरल्या पात्राच्या छिद्रांतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेंत दिव्याचा झोत सोडला, तेव्हां तो सरळ न जातां धारेबरोबर वांकून खालीं उतरला. १८५४ सालीं टिंडाल यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हाच प्रयोग करून दाखविला. धारेच्या पृष्ठावर तिरपा आदळलेला प्रकाश बाहेर न पडतां पुनः आंत परततो, हें त्याचें कारण. शंभर वर्षें ही गोष्ट व्याख्यानांतील करमणूक म्हणूनच राहिली. १९५४ च्या जानेवारींत पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व त्यांचे अध्यापक हॉपकिन्स यांनीं काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यांतून चित्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास नेल्याचें 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केलें. १९६६ सालीं चार्ल्स काव यांनीं काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यांतून मैलोगणती संदेश जातील असें मांडलें, आणि १९७० सालीं कॉर्निंगच्या कारखान्यांत तसा तंतु निघाला. आज घरोघर 'फायबर' म्हणून जो येतो तो याच कुळांतला.

तंतु जमिनींत पुरला म्हणजे त्याचा पहिला शत्रु पाणी. तारयंत्रवाल्यांस काळजी पडली कीं सांध्याच्या पेटींत पाणी शिरलें तर कळावें कसें. जपानांतील दूरध्वनिखात्यानें यावर तोड काढली ती आमच्या यवतमाळकरांस ओळखीची वाटेल. पाण्यानें फुगणारा एक पदार्थ तंतूशेजारीं ठेवावयाचा. पाणी शिरलें कीं तो फुगतो, तंतूस वांकवितो, आणि वांकल्या ठिकाणीं प्रकाश कांहींसा बाहेर सांडतो. किती दूरवर सांडला हें टोंकाशीं बसलेल्या माणसास कळतें. आषाढांत जी माती आमचें दार अडविते, तिनेंच जणूं तेथें पहारा पत्करला!

परंतु मैलभर लांबीच्या धरणास असे पहारेकरी ठायीं ठायीं नेमणें कठीण. तेथें खरा उपयोग झाला तो चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास त्यांनीं व कृष्णन यांनीं द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा कांहीं अंश आपला रंग बदलून येतो असें पाहिलें. अणुसमूहाच्या कंपनास कांहीं शक्ति देऊन जो प्रकाश परततो तो तांबडेपणाकडे झुकतो. कंपनापासून शक्ति घेऊन जो येतो तो निळेपणाकडे. आतां कंपन म्हणजेच उष्णता. पदार्थ जितका ऊन, तितका दुसऱ्या जातीचा प्रकाश अधिक. या दोहोंचें प्रमाण पाहिलें म्हणजे थर्मामीटर न लावतां उष्णमान समजतें. १९८३ सालीं इंग्लंडांत साउदम्प्टन येथें हार्टॉग यांनीं काचेच्या नळींत द्रव भरलेल्या तंतूनें त्याच्या सबंध लांबीवरचें उष्णमान मोजून दाखविलें, आणि १९८५ सालीं डेकिन व त्यांचे सहकारी यांनीं साध्या काचेच्या तंतूंत रामन यांच्या प्रकाशानें तेंच साधलें. लेसरचा एक क्षणिक झोत आंत सोडावयाचा व परतणाऱ्या उजेडाची वाट पाहावयाची. काचेंत प्रकाश एका सेकंदांत सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे मीटरभर जाऊन परतण्यास सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. कोणता उजेड केव्हां आला यावरून तो कोणत्या मीटरावरून आला हें ठरतें. एकच धागा हजारों थर्मामीटरांचें काम करतो.

उष्णमानाचा आणि पाझराचा संबंध काय, असें वाचक विचारतील. आपल्या विहिरीचें पाणी थंडींत कोमट व उन्हाळ्यांत गार कां लागतें, हें आठवावें. जमिनीच्या पोटांत ऋतूची वार्ता उशिरां व क्षीण होऊन पोंचते. धरणाच्या गाभ्याचेंही तसेंच. पण जलाशयाचें पाणी एखाद्या वाटेनें आंत घुसलें, तर तें आपली ऊब किंवा गारवा बरोबर घेऊन येतें, आणि तेवढ्या जागीं तंतूवर वेगळा अंक उमटतो. जर्मनींत मध्य इसार कालव्याच्या भरावांत १९९६ सालीं या कामासाठीं तंतु घातला गेला. स्वीडनांतील मातीच्या धरणांत १९९८ पासून तो दिसूं लागला. पाणी व माती यांच्या उष्णमानांत फरकच नसेल तेव्हां काय करावें, यासही युक्ति निघाली. तंतूबरोबर तांब्याची तार घालून तींत वीज सोडतात. तार सर्वत्र सारखी तापते, पण जेथें पाणी वाहत असेल तेथें उष्णता वाहून जाते व तेवढाच तुकडा थंड राहतो. थंडीच्या देशांत जन्मलेली ही विद्या विदर्भाच्या उन्हांत चालेल कीं नाहीं, या शंकेचें उत्तर आम्हांस या युक्तींत दिसतें.

अडचणी नाहींत असें नव्हे. गाभ्यांत तंतु घालावयाचा तर तो धरण बांधतांनाच घालावा लागतो. आमचीं धरणें तर बांधून झालीं. तेथें पायथ्याशीं चर खणून तो पुरणें एवढेंच शक्य, आणि पायथ्याशीं पोंचलेली वार्ता गाभ्यांतल्या वार्तेपेक्षां उशिरांची असणार. शिवाय उंदीर-घुशींस तंतूचें वेष्टण कुरतडण्याची संवय आहे, म्हणून त्यास पोलादी चिलखत घालावें लागतें. कालव्यांविषयीं मात्र आम्हांस अधिक आशा वाटते. काळ्या जमिनीच्या फुगण्याभेगाळण्यानें कालव्याचें अस्तर तडकतें, पाणी शेवटच्या शेतास पोंचत नाहीं, आणि वाटेंतलें शेत चिबड होतें. दुरुस्तीसाठीं अस्तर काढलें जाईल तेव्हांच त्याखालीं धागा घालतां येईल. तडा कोणत्या मीटरावर आहे हें मग शेतकरी व पाटकरी यांच्या भांडणांतून शोधावें लागणार नाहीं.

आतां एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस लेखणी ठेववत नाहीं. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटलें व खालच्या भेंदवाडींतील घरें वाहून गेलीं. वीसच्या आसपास माणसें मेलीं. तेथें कोणतेंही काचेचें सूत्र नव्हतें, पण गळती मात्र गांवकऱ्यांनीं आधींच पाहिली होती व कळविलीही होती. पुढें एका मंत्रिमहोदयांनीं खेंकड्यांनीं धरण पोखरल्याचें कारण सांगितलें, तेव्हां लोक हंसावें कीं रडावें या विचारांत पडले. खेंकडे बिळें करतात हें खरेंच. पण त्या बिळांतून येणारें पाणी भेंदवाडीच्या माणसांनीं साध्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. तंतूनें दिलेला अंकही शेवटीं कोणाच्या तरी मेजावरच जाऊन पडणार.

पुसदकडचा तो चौकीदार निरोप देतांना आपली नोंदवही दाखवूं लागला. तारीख, वेळ, जलाशयाची पातळी, खांचेंतील उंची, आणि शेवटीं शेरा. शेऱ्याच्या रकान्यांत पानेंच्या पानें एकच शब्द लिहिला होता, 'सफा'. त्या दिवसाची ओळ मात्र अजून कोरी होती. त्यानें वही कांखेंत घातली, आम्हांस रामराम केला, आणि कंदील घेऊन तो पुनः नालीकडे उतरूं लागला.