स्थानिक शासनाचे संशोधन : बुलढाण्याच्या मातीतील एक दुर्लक्षित अभ्यासक्षेत्र

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगर परिषद या संस्थांशी सामान्य नागरिकाचा संबंध जन्मदाखल्यापासून नळजोडणीपर्यंत येतो. मात्र या संस्था प्रत्यक्षात कशा चालतात, निर्णय कोण घेतो आणि पैसा कोठून येऊन कोठे जातो, याचा पद्धतशीर शोध घेणारे अभ्यासक मोजकेच आहेत. लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य संस्था या विषयाला वाहिलेली प्राध्यापकी प्रसिद्धीच्या झोतात क्वचितच येते. तरीही या विद्याशाखेच्या भारतातील वाटचालीत विदर्भाचे स्थान अग्रभागी आहे, आणि पश्चिम विदर्भातील बुलढाणा जिल्हा तर अशा संशोधकासाठी उघडे ग्रंथालयच म्हणावा लागेल.

नागपूरचा पहिला विभाग

१९२३ साली नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे जवळचे केंद्र लाभले. मद्रास, अलाहाबाद आदी विद्यापीठांत १९३० च्या दशकापासून लोकप्रशासन किंवा स्थानिक शासनाचे पदविका अभ्यासक्रम होते. परंतु या विषयाला स्वतंत्र व पूर्ण विभागाचा दर्जा प्रथम मिळाला तो नागपुरात, १९४९-५० मध्ये. विभागाच्या नावातच ‘लोकप्रशासन’ आणि ‘स्थानिक स्वराज्य’ हे दोन्ही शब्द होते. या विभागाशी प्रा. एम. पी. शर्मा यांचे नाव निगडित असून त्यांचा लोकप्रशासनावरील इंग्रजी ग्रंथ पुढील कित्येक पिढ्यांनी पाठ्यपुस्तक म्हणून वापरला.

राष्ट्रीय पातळीवर दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था त्यानंतर, १९५४ मध्ये, उभी राहिली. अमेरिकन तज्ज्ञ पॉल ॲपलबी यांचा १९५३ चा अहवाल तिला निमित्त ठरला. मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून नगरपालिकांच्या सेवकांना प्रशिक्षण देत होतीच. मलकापूर किंवा शेगावच्या स्थानकावरून नागपूरची गाडी पकडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे असा हा विषय आयता उभा होता. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि बुलढाण्याची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

एक जिल्हा, अनेक प्रयोग

बुलढाण्याचा प्रशासकीय इतिहास हा संशोधकाचा पहिला धडा होय. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला गेला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर येथेही ग्रामीण मंडळे आली. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये जनपद योजना अमलात आणली. जिल्हा मंडळ मोडून तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक ठरवण्यात आला आणि तेथील सरकारी अधिकाऱ्यालाच जनपद सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी करण्यात आले. लोकनियुक्त सभा आणि सरकारी यंत्रणा एका छपराखाली आणण्याचा हा धाडसी प्रयत्न होता.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये गट पातळीवरील समितीला महत्त्व दिले होते. महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये जिल्हा पातळीवरील बळकट परिषदेची शिफारस केली. नाईक हे त्याआधी मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री होते. जनपद सभांचा कारभार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जिल्हाधिकारी परिषदेबाहेर ठेवावा आणि परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा, ही रचना त्यातूनच साकारली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे बुलढाण्याच्या ग्रामस्थाने चौदा वर्षांत सत्तेचे केंद्र जिल्ह्याकडून तहसिलीकडे व तहसिलीकडून पुन्हा जिल्ह्याकडे सरकताना पाहिले.

आधीच्या पिढीचे काम

जिल्हा परिषदांच्या पहिल्या दशकाने महाराष्ट्रातील संशोधनाला बहर आणला. पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. शिरसीकर यांनी ग्रामीण नेतृत्वावरील आपला ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध केला. नव्या संस्थांची सूत्रे प्रामुख्याने सधन शेतकरी वर्गाच्या हाती गेल्याचे त्यातून पुढे आले. त्याच विद्यापीठातील प्रा. ना. र. इनामदार यांनी ग्रामपंचायतींच्या कामकाजाचा अभ्यास केला. मेरी कॅरस यांनी १९७२ च्या ग्रंथात जिल्हा परिषदांतील गटबाजीमागे जात वा व्यक्तिद्वेष यांपेक्षा आर्थिक हितसंबंध अधिक असल्याचे मांडले, तर डोनाल्ड रोझेन्थल यांनी कोल्हापूरच्या जिल्हा राजकारणाचा वेध घेतला. सरकारनेही बोंगिरवार समिती (१९७०-७१) आणि प्रा. पी. बी. पाटील समिती (१९८४-८६) नेमून वेळोवेळी झाडाझडती घेतली.

त्यानंतर विषयाचे केंद्र हळूहळू सरकले. १९८७ पासून लोकप्रशासन हा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील स्वतंत्र वैकल्पिक विषय झाला. समित्यांची नावे, वर्षे आणि शिफारशींची संख्या मार्गदर्शिकांतून पाठ होऊ लागली. ज्या गावात त्या शिफारशींचे बरेवाईट परिणाम झाले, तेथे जाण्याची निकड मात्र कमी झाली.

संशोधकाची वाट

या क्षेत्रात येणाऱ्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत : राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी, ‘नेट’ अथवा ‘सेट’ परीक्षा आणि पीएच.डी.चे संशोधन. अडचण पुढे येते. अनेक महाविद्यालयांत हा विषय राज्यशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता शिकवला जातो; त्यामुळे स्वतंत्र पदे थोडी आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका अधिक, ही स्थिती तरुणांना परावृत्त करते. पुण्याची ‘यशदा’ ही संस्था प्रशिक्षण व मूल्यमापनाच्या कामातून काहींना संधी देते.

खरे कौशल्य कागद वाचण्यात आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त, घरपट्टीच्या आकारणीची नमुना ८ ची नोंदवही, लेखापरीक्षणाचे आक्षेप, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प आणि विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचे अहवाल ही त्याची मूळ साधने. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असते. सभेला खरोखर कोण होते, महिला सदस्य बोलल्या की त्यांच्या वतीने दुसरेच कोणी, हे गावात बसूनच कळते. राज्यात महिलांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्यावर गेले. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. अशा प्रत्येक बदलाचे फलित मोजण्यासाठी आधीची नोंद हाताशी लागते.

जिल्ह्याने विचारलेले प्रश्न

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ होती. येथील प्रश्नांत वैविध्य आहे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्यायोग्य नसल्याने अनेक गावांच्या एकत्रित पाणीपुरवठा योजना लागतात. अशा योजनेची वसुली आणि देखभाल कोणत्या ग्रामपंचायतीने करायची, हा प्रशासनशास्त्राचाच प्रश्न आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांची रीघ लागते, पण नगर परिषदेची करआकारणी स्थानिक मालमत्तांवर उभी असते. लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तेथे वन विभाग, पुरातत्त्व विभाग आणि नगर परिषद यांच्या अधिकारकक्षा एकमेकींना छेदतात. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत आदिवासी गावे आहेत. लगतच्या मेळघाटात ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. बुलढाणा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने या गावांना ते नाहीत. सीमेच्या अलीकडची व पलीकडची ग्रामसभा यांची तुलना हा एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

माहितीअभावी अडलेली लोकशाही

अशा अभ्यासाची गरज किती तीव्र आहे, हे न्यायालयीन लढाईने दाखवून दिले. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी तीन अटींची पूर्तता आवश्यक ठरवली. स्वतंत्र आयोगाने प्रत्येक स्थानिक संस्थेतील मागासलेपणाची अनुभवाधिष्ठित, समकालीन माहिती गोळा करणे ही त्यांतील पहिली अट होती. ती माहिती राज्याकडे नव्हती. शेजारच्या अकोला व वाशिम जिल्हा परिषदांतील सदस्यांची पदे गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. मार्च २०२२ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवालही पुरेशा माहितीअभावी न्यायालयात टिकला नाही.

त्यानंतर जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने घाईने काम केले. आडनावांवरून समाजगट ठरवण्याच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेण्यात आले. बुलढाण्यात हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही. सिंदखेडराजा हे लखुजी जाधवांचे गाव. आणि ‘जाधव’ हे आडनाव मराठा, बौद्ध, बंजारा अशा अनेक समाजांत आढळते. गावातील शिपायालाही ठाऊक असलेली ही गोष्ट मुंबईतील तक्त्यात हरवू शकते.

दरम्यान बुलढाण्यासह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. तीन वर्षे उलटून गेल्यावर, ६ मे २०२५ रोजी, निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. या काळात शाळाखोल्या, रस्ते, पाणी योजना यांवरचे निर्णय लोकनियुक्त सदस्यांविना झाले. विलंबाची कारणे अनेक होती. प्रभागरचनेचे वादही त्यांत होते. पण विश्वसनीय स्थानिक माहितीचा अभाव हे त्यांतील मूळ कारणांपैकी एक होते.

गावोगावची अशी नोंद आयोगाला काही महिन्यांत उभी करता येत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत बसून, एकाच तालुक्याकडे वीस-पंचवीस वर्षे चिकाटीने पाहणारा प्राध्यापक ती ठेवू शकतो. विदर्भाने ज्या विद्याशाखेला देशात पहिले स्वतंत्र घर दिले, तिचे अभ्यासक तालुक्याच्या गावी टिकतील अशी व्यवस्था करणे, हा त्यामुळे केवळ विद्यापीठांचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.