ससा माणसाळला केव्हा?

सशांचे संगोपन व प्रदर्शन यांविषयी नवशिक्यांसाठी अभ्यासवर्ग योजणाऱ्यास आरंभी या प्राण्याचा पूर्वेतिहास सांगणे क्रमप्राप्तच असते. तेथे बहुधा एक सोयीची कथा पुढे येते : इ. स. ६०० च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने सशाचे नवजात पिलू मांसात गणू नये, अशी आज्ञा दिली. ते उपवासास चालू लागले आणि फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळले.

परंतु अशी आज्ञा कोठेच आढळत नाही. अर्व्हिंग-पीझ, लार्सन प्रभृतींनी २०१८ मध्ये दाखविल्याप्रमाणे हा नामसाम्याचा घोटाळा होय. मूळ उल्लेख तूरचा बिशप ग्रेगरी याच्या फ्रँकांच्या इतिहासातील आहे. रोकोलेनस नामक सरदार ईस्टरपूर्व उपवासकाळात सशांची पिले खात असे, एवढेच तेथे म्हटले आहे. त्यात ना आज्ञा, ना मठ, ना पशुपालन. अशा पिलांचा लॅटिन शब्द तर पहिल्या शतकातील प्लिनीच्या ग्रंथातही येतो; तेव्हा केवळ त्या शब्दावरून ससा पाळीव होता, असे अनुमान निघत नाही.

वस्तुतः या घटनेस एक तिथी देता येत नाही. रोमनांची कुंपणे, मध्ययुगीन राखीव कुरणे, पुढे खुराडी असा हा दीर्घ क्रम आहे. शरीरातील ठळक बदल अठराव्या शतकापासूनच दिसू लागतात. परीक्षक प्रदर्शनात जे वाण, रंग व कान पारखतो, ते पालकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचे फळ होय. आज्ञेची कथा सांगितल्याने नेमके हे श्रमच दृष्टीआड होतात. आणि नवशिक्यास शिकावयाचे असते ते तर तेच.