खांद्यावरचा दणका : मॅग्नम रायफलीच्या प्रत्याघात-नियंत्रणाची कुळकथा

गोळी पुढे सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि तिचा दस्ता नेमबाजाच्या खांद्यावर आदळतो. या आघाताला प्रत्याघात किंवा नेमबाजांच्या बोलीत ‘रिकॉइल’ म्हणतात. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या गतीच्या तिसऱ्या नियमातच त्याचे कारण असल्यामुळे कोणत्याही कारागिराला तो नाहीसा करता आलेला नाही. तो अधिक वजनावर, अधिक क्षेत्रावर आणि अधिक काळावर वाटून देणे, किंवा त्याचा काही अंश दुसऱ्या दिशेला वळवणे, एवढेच शक्य होते, आणि मोठ्या शिकारी रायफलींचा दीडशे वर्षांचा इतिहास याच उपायांच्या शोधाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात हत्तीच्या शिकारीच्या बंदुका ‘बोअर’ या मापाने ओळखल्या जात. नळीत बसणाऱ्या आकाराच्या जितक्या गोळ्या एक पौंड शिशातून ओतता येतील, तितका त्या बंदुकीचा बोअर. त्या हिशेबाने चार बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची होई. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे, म्हणून मारकता वाढवायची तर गोळीचे वजन वाढवण्याखेरीज गत्यंतर नव्हते आणि त्याचा सारा भार खांद्यावर येई. सॅम्युएल बेकर या इंग्रज शोधप्रवाशाकडे अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा टाकणारी ‘बेबी’ नावाची रायफल होती आणि तिचा बार काढताच आपण गरकन फिरतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याची नोंद त्याहून मोलाची आहे. चार बोअरच्या बंदुकांनी दिलेल्या माराचा आपल्या मज्जातंतूंवर परिणाम झाला आणि नेमबाजी पुढेही बिघडलेलीच राहिली, अशी खंत त्याने १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात व्यक्त केली. प्रत्याघाताचे खरे नुकसान खांद्याला नव्हे तर नेमाला होते, हे त्या नोंदीतून स्पष्ट झाले.

पहिला मोठा दिलासा रबराने दिला. पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाउन या भागाला जिच्यावरून नाव पडले, त्या सिल्व्हर कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दस्त्याच्या टोकाला बसवायची रबरी गादी प्रचारात आणली. ही गादी मागे येणारा संवेग कमी करत नाही. मात्र ती दबते तेवढा वेळ आघात लांबतो आणि त्याचे शिखर उतरते, म्हणून तोच दणका सोसण्याजोगा होतो.

पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू सिद्ध केल्यावर हलक्या गोळीला मोठा वेग देणे शक्य झाले, आणि १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले. नेहमीच्या काडतुसापेक्षा अधिक दारू मावणारे, अधिक ताकदीचे काडतूस ते मॅग्नम. .३७५ मॅग्नमची सुमारे १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिचा आणि तिच्यामागून बाहेर पडणाऱ्या वायूंचा संवेग एकत्र धरला, तर चार किलोच्या रायफलीची प्रत्याघात-ऊर्जा ढोबळमानाने ६० ज्यूल भरते. तीच रायफल पाच किलोची केल्यास ऊर्जा ४८ ज्यूलवर येते, कारण संवेग तोच राहिला तर वजन वाढेल त्या प्रमाणात ऊर्जा घटते. वजन हा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे, पण दिवसभर रानात चालणाऱ्या शिकाऱ्याला तो परवडत नाही.

या हिशेबात वायूंचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे, आणि नळीच्या तोंडाशी बसवलेला ‘मझल ब्रेक’ नेमका त्याच वाट्यावर काम करतो. बाजूला पाडलेल्या छिद्रांतून वायू आडवे किंवा मागे वळवले, की रायफल पुढे ओढली जाते. ही कल्पना मूळची तोफखान्याची असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ट्रय दे बोल्यू या फ्रेंच अधिकाऱ्याने तिचे प्रयोग केले होते. मात्र वळवलेल्या वायूंबरोबर आवाजही वळतो, म्हणून असा ब्रेक शेजारच्या नेमबाजाच्या कानांना घातक ठरतो.

दस्त्याच्या आकाराचाही विचार झाला. नळीची रेषा खांद्याच्या वर असेल तर बारासरशी नळीचे तोंड उसळते आणि दस्ता गालावर आपटतो. रॉय वेदरबी याने १९४५ पासून कॅलिफोर्नियात बनवलेल्या रायफलींत गाल टेकवायची कड पुढच्या बाजूला उतरती ठेवली, त्यामुळे रायफल मागे सरकताना ही कड गालापासून दूर जाते.

शूटिंग रेंजवर या सर्व उपायांची कसोटी लागते, कारण टेबलावर वाकून बसलेल्या नेमबाजाचे शरीर उभ्या माणसासारखे मागे झुलू शकत नाही आणि दणका अधिक जाणवतो. म्हणून आधार उंच घेऊन ताठ बसणे, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट रोवणे, दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची पिशवी ठेवणे आणि रायफलीवरील दुर्बिणीपासून डोळा पुरेसा दूर राखणे ही पद्धत रूढ झाली. दुर्बीण जवळ असली तर तिची कडा भुवईवर जखम करते. रायफल जड चौकटीत जखडून टाकल्यास खांदा वाचतो, परंतु मागे सरकू न शकणाऱ्या दस्त्यावर ताण येऊन तो चिरण्याचा धोका राहतो.

चाप ओढण्याआधीच दणक्याच्या धास्तीने अंग आकसणे, याला नेमबाज ‘फ्लिंच’ म्हणतात, आणि त्यावर कोणतीही गादी किंवा ब्रेक पुरता चालत नाही. नेमबाजाला कळू न देता खऱ्या काडतुसांत मधूनमधून निर्जीव काडतूस भरले, की बार न होताही हललेली नळी हा दोष उघड करते. तो घालवायचा तर .२२ सारख्या हलक्या रायफलीवर सराव वाढवावा, मॅग्नमचे बार एका बैठकीत मोजकेच काढावेत आणि कानांचे संरक्षण कधीही टाळू नये. जी रायफल नेमबाजाला न दचकता चालवता येत नाही, ती कितीही ताकदवान असली तरी त्याच्या हाती देऊ नये.