आयरिश किनाऱ्यावरचा घरगुती मुक्काम

आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवू इच्छिणाऱ्या पर्यटकासमोर राहण्याचे मुख्यतः तीन पर्याय असतात : हॉटेल, भाड्याने घेतलेले स्वतंत्र घर आणि 'बेड अँड ब्रेकफास्ट', म्हणजेच बी अँड बी. या तिसऱ्या प्रकारात एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरातील तीन-चार खोल्या पाहुण्यांना देते आणि सकाळी न्याहारी करून घालते. कोकणातील 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी वाचत आलेल्या मराठी पर्यटकाला ही कल्पना अपरिचित नाही. फरक इतकाच, की आयरिश घरात रात्रीचे जेवण सहसा मिळत नाही. वरवर किरकोळ वाटणारा हा फरकच घराची निवड बऱ्याच अंशी ठरवतो.

आधी किनाऱ्याचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. दक्षिणेस कॉर्क परगण्यातील किन्सेलपासून उत्तरेस डोनेगलमधील इनिशोवेन द्वीपकल्पापर्यंत जाणारा 'वाइल्ड अटलांटिक वे' हा सुमारे २,५०० किलोमीटरचा पर्यटनमार्ग २०१४ मध्ये आखून खुला करण्यात आला. त्याची लांबी एवढी भरते, कारण पश्चिम किनारा सरळ नाही. बेअरा, आयव्हरा, डिंगल अशी द्वीपकल्पे हाताच्या बोटांसारखी समुद्रात घुसलेली आहेत. नकाशावर दोन गावे हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये खाडी असते आणि रस्ता तिला वळसा घालून जातो. रस्ते अरुंद, दुतर्फा दगडी बांध किंवा झुडपांची कुंपणे. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादाही फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणण्यात आली आहे. तेव्हा दररोज नव्या गावी मुक्काम टाकण्याचा बेत कागदावरच शोभतो. आठ-दहा दिवसांत दोन किंवा तीन ठिकाणे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहावे, हे अधिक शहाणपणाचे.

हवामानाचा हिशेबही हेच सांगतो. पश्चिमेच्या काही भागांत वर्षातील सुमारे २२५ दिवस पावसाची नोंद होते. मुंबईत पाऊस याहून पुष्कळ जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. आयरिश पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो. मोहरचे २१४ मीटरपर्यंत उंच जाणारे कडे धुक्यात गडप झाले, तर त्या दिवशी काहीही दिसत नाही. दुसरा दिवस हाताशी हवा. आयव्हरा द्वीपकल्पाजवळच्या स्केलिग मायकेल या जागतिक वारसा बेटाची गोष्ट याहून बिकट आहे. बेटावर उतरता येते ते साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, तेही दिवसाला सुमारे १८० जणांनाच. समुद्र खवळला की होड्या रद्द होतात. पोर्टमगी या गावात एकच रात्र राहून स्केलिग पाहण्याची आशा करणे म्हणजे जुगार होय.

मुक्कामाचे गाव ठरल्यावर घर गावात असावे की गावाबाहेर, हा खरा प्रश्न उभा राहतो. जाहिरातीत गावाबाहेरचे घर नेहमीच अधिक देखणे दिसते : मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये मेंढ्या. परंतु रात्रीच्या जेवणासाठी गावातील पबमध्ये किंवा उपाहारगृहात जावेच लागते आणि लहान गावांतील स्वयंपाकघरे रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. परतीच्या रस्त्यावर दिवे नसतात, पदपथ नसतो आणि टॅक्सी मिळेलच असे नाही. पबमधील संगीत तर जेवणानंतर रंगत जाते. क्लेअर परगण्यातील डूलिनला लोक त्यासाठीच जातात. मद्यप्राशन करून गाडी चालवण्याबाबत कायदा कडक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण चालकाची मर्यादा असून २०१८ पासून ती ओलांडणाऱ्यावर वाहन चालवण्याची बंदी येतेच. म्हणून गावापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आतले घर, मग ते दिसायला साधे का असेना, पसंत करावे. 'गावापासून पाच मिनिटे' असे कोणी सांगितले, तर ती पायी की गाडीने, हे विचारून घ्यावे.

गाडी न घेणाऱ्यांसाठी तर हा नियम अपरिहार्यच. गॉलवे, वेस्टपोर्ट, ट्रली, किलार्नी, स्लायगो येथपर्यंत रेल्वे जाते. पुढे डिंगल, डूलिन, क्लिफ्डन येथे जायचे ते बसने. गॉलवे ते एनिस ही ३५० क्रमांकाची बस डूलिन आणि मोहरच्या कड्यांवरून जाते. अशा वेळी बसथांब्यापासून घराचे अंतर खिडकीतील दृश्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. गाडी घेणाऱ्यांना एक दिलासा असा, की तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात.

घराच्या रूपाबद्दलच्या कल्पना थोड्या आवरत्या घ्याव्यात. गवताने शाकारलेले छप्पर आणि पांढऱ्या भिंती असलेली झोपडी चित्रपटांत दिसते. प्रत्यक्षात ग्रामीण बी अँड बी बहुधा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील बंगली असते. जॅक फिट्झसायमन्स यांच्या 'बंगलो ब्लिस' या १९७१ साली निघालेल्या नकाशांच्या पुस्तकाने अशा घरांची देशभर लाट आणली. वास्तुरसिकांनी त्यांना नाके मुरडली, पण ती उबदार आणि प्रशस्त असतात. 'समुद्रदर्शन' हा शब्दही तपासून घ्यावा, कारण समुद्र घरातून दिसणे, न्याहारीच्या खोलीतून दिसणे आणि आपल्याला मिळणाऱ्या खोलीतून दिसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नानगृह खोलीला जोडून आहे का, पलंग दोन स्वतंत्र की एकच मोठा, खोली जिन्यावर आहे का, हे प्रश्न ज्येष्ठांसोबत प्रवास करणाऱ्यांनी संकोच न करता विचारावेत. काही घरे लहान मुलांना घेत नाहीत.

दर्जाची खूण म्हणजे हिरव्या त्रिदलाची, शॅमरॉकची, पाटी. 'फॉल्चा आयर्लंड' या राष्ट्रीय पर्यटन विकास संस्थेने घर तपासून मान्यता दिल्याची ती निशाणी असते. आयर्लंडमध्ये 'हॉटेल' किंवा 'गेस्ट हाऊस' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. बी अँड बीला मात्र ही मान्यता ऐच्छिक आहे. त्यामुळे पाटी नसलेले घर वाईटच, असे नव्हे. पण दूर देशातून आगाऊ पैसे पाठवणाऱ्याला पाटीचा आधार वाटतो, आणि तो रास्तही आहे.

दर वाचताना भारतीय पर्यटकाची हमखास गल्लत होते. आयरिश पद्धतीत दर अनेकदा 'खोली वाटून घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे' सांगितला जातो. दोघांसाठी तो दुप्पट होतो आणि एकट्याने राहणाऱ्याला वर अधिभार पडतो. हंगामाच्या दृष्टीने जुलै-ऑगस्ट सर्वांत महाग. नोव्हेंबर ते मार्च अनेक घरे बंद असतात. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर उत्तम. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो. आयरिश भाषिक प्रदेशात, म्हणजे गेलटाख्टमध्ये, उन्हाळ्यात शाळकरी मुले भाषा शिकण्यासाठी कुटुंबांकडे उतरतात. त्यामुळे तेथील खोल्या वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. अशा घराच्या गृहिणीला आयरिश भाषेत 'बॅन अन टी' म्हणतात आणि घराचा कारभार बहुधा तीच पाहते.

न्याहारी भरपूर असते : डुकराच्या मांसाचे काप, सॉसेज, अंडी, टोमॅटो, अळंबी, सोडा घातलेला पाव. ताटातील काळे पुडिंग रक्त घालून केलेले असते आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या पांढऱ्या पुडिंगमध्येही डुकराचे मांस असते. शाकाहारी मंडळींनी, विशेषतः अंडे न खाणाऱ्यांनी, हे खोली ठरवतानाच कळवावे. ओटची लापशी, फळे, पाव-लोणी यांची सोय सहज होते, मात्र ऐनवेळी सांगितल्यास यजमानीण अडचणीत येते. खोलीत चहाची किटली असते. स्वयंपाकाला परवानगी नसते. रोज वरण-भात हवाच असेल, तर भाड्याचे स्वतंत्र घरच घ्यावे. सोबत तूप, पेढे नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे.

पत्ता म्हणून 'एरकोड' मागून घ्यावा. ग्रामीण घरांना क्रमांक नसतात. २०१५ मध्ये सुरू झालेला सात अक्षर-अंकांचा हा संकेतांक प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र असतो. गेलटाख्टमधील पाट्यांवर गावांची नावे केवळ आयरिशमध्ये असल्याने गावाचे आयरिश नावही टिपून ठेवावे. डिंगलचे नाव पाटीवर 'डँगन' अशा उच्चाराचे दिसते.

जायंट्स कॉजवेचा सुंदर किनारा मात्र उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येतो. तेथे चलन पौंड आणि प्रवेशासाठी ब्रिटनची परवानगी. भारतातून देण्यात येणाऱ्या काही आयरिश व्हिसांवर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असतो, तो असल्यास दोन्हीकडे जाता येते. नसल्यास तिकडचे घर ठरवू नये. शेंगेन व्हिसा यांपैकी कोठेही चालत नाही. व्हिसाच्या अर्जात राहण्याचा तपशील द्यावा लागतो, म्हणून खोली आधी ठरवावी लागते आणि व्हिसा नंतर हाती येतो. त्यामुळे व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत मिळेल का आणि किती दिवस आधी कळवावे लागेल, हे लेखी घ्यावे. चार खोल्यांच्या घरात न कळवता रिकामी राहिलेली एक खोली म्हणजे त्या कुटुंबाच्या त्या रात्रीच्या कमाईचा चौथा हिस्सा असतो.