उंदरांच्या पिंजऱ्यातले कॉर्टिझोन

सन १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन टोचण्यात आले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांत या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाची दुसरी बाजू मात्र उंदरांच्या पिंजऱ्यात उजेडात आली, आणि मला तीच कथा अधिक मोलाची वाटते.

महायुद्धानंतर मध्य युरोपातील बालगृहांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित अर्भके एका विचित्र न्यूमोनियाने दगावत होती. ताप फारसा नसे. श्वास तेवढा चढत जाई आणि ओठ निळे पडत. १९५२ साली झेकोस्लोव्हाकियातील वान्येक आणि यिरोवेत्स यांना अशा बालकांच्या फुप्फुसांतील फेसात एक सूक्ष्म जीव आढळला. तो अगदीच अनोळखी नव्हता. पॅरिसच्या गटारांतील उंदरांत तो पाहून देलानोए दांपत्याने १९१२ मध्येच त्याला ‘न्यूमोसिस्टिस कारिनी’ हे नाव दिले होते, आणि परोपजीवींच्या यादीत टाकून जग त्याला विसरले होते.

अडचण अशी, की हा जीव प्रयोगशाळेत वाढवता येईना, आणि तो बाळगणारे उंदीर तर ठणठणीत! मग अभ्यास करायचा कसा? जर्मनीत वेलरने १९५५ मध्ये उंदरांना कॉर्टिझोन व पेनिसिलिन देऊन पाहिले. १९६६ साली अमेरिकेत फ्रेंकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही रीत पक्की केली. कॉर्टिझोन सांध्यांची आग विझवते ते शरीराच्या संरक्षक पेशींना गप्प करून. राखणदार गप्प झाले, की हरतऱ्हेचे जंतू माजणार. म्हणून साध्या जंतूंना आवरायला पेनिसिलिनसारखे औषध. बाहेरून रोग मुळीच टोचायचा नाही. तरीही काही आठवड्यांत उंदीर रोडावत, धापा टाकू लागत, आणि फुप्फुसांत तोच फेस सापडे. त्यांचे हाल वाचताना जीव कळवळतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण याच उंदरांवर औषधे पारखता आली. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील ह्यूज याच्यासमोर रक्ताच्या कर्करोगाची मुले होती. कर्करोग हटवणारे उपचारच, त्यांत स्टेरॉइडही आले, त्यांची प्रतिकारशक्ती खाऊन टाकीत, आणि कर्करोगातून निभावलेले मूल न्यूमोनियाने जाई. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल ही जोडी उंदरांत रोग थोपवते, हे त्याने १९७४ मध्ये दाखवले. मग १६० रुग्णांवर परीक्षा झाली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ८० जणांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला; खरे औषध घेणाऱ्या ८० जणांत एकालाही नाही. हे १९७७ साली प्रसिद्ध झाले. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद झाली. एड्सची ती पहिली चाहूल होती, आणि औषध तेव्हा हाताशी होते.

रोग उंदराच्या अंगात निजलेलाच असतो, ही समजूत मात्र पुरती टिकली नाही. जंतुरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांना स्टेरॉइड देऊनही तो झाला नाही. पिंजऱ्यातल्या उंदरांना तो हवेतून लागत असे. १९८८ मध्ये तर हा ‘परोपजीवी’ चक्क बुरशीच्या कुळातला निघाला! पुढे फ्रेंकेलच्या सुचवणीवरून माणसातील जातीला यिरोवेत्सचे नाव मिळाले; कारिनीचे नाव उंदरांकडेच राहिले.