मोहाचे मद्य : घरची परंपरा आणि कायद्याची मर्यादा

पोलाद कारखान्यामुळे देशभर परिचित असलेल्या भिलाई शहराच्या परिसरात आणि छत्तीसगडच्या आदिवासी भागात मोहाच्या फुलांपासून घरीच मद्य गाळण्याची परंपरा जुनी आहे. पाश्चात्त्य देशांत तयार जिनमध्ये फळे मुरवून तिला घरच्या घरी स्वाद दिला जातो. मध्य भारतात मात्र मद्य आणि त्याचा सुगंध ही दोन्ही एकाच फुलातून मिळतात. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरते हे मद्य गाळण्याची मुभा आहे. त्याची विक्री हा गुन्हा ठरतो.

फुलांचा हंगाम

मोहाला साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये बहर येतो. मांसल, फिकट पिवळी फुले रात्री उमलून पहाटे गळून पडतात. झाडाखालची जागा स्वच्छ करून स्त्रिया आणि मुले सकाळीच ती टोपल्यांत गोळा करतात. त्यानंतर फुले उन्हात वाळवली जातात. वाळलेल्या फुलांत शर्करेचे प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याने ती वर्षभर टिकतात. टंचाईच्या काळात मोहफुले अन्न म्हणून उपयोगी पडतात, बियांपासून तेल काढले जाते आणि आठवडी बाजारात फुले विकून रोख रक्कमही मिळते. मद्यनिर्मिती हा मोहाचा एक उपयोग आहे, एकमेव नव्हे.

गाळण्याची पद्धत

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली जातात. आंबवण हंड्यात घालून चुलीवर ठेवले जाते. हंड्यावर तळाशी छिद्र असलेले दुसरे भांडे बसवतात व त्यात मद्य साठवण्यासाठी लहान पात्र ठेवतात. सर्वांत वर थंड पाण्याचे भांडे असते. सांधे ओल्या मातीने किंवा कापडाने बंद केले जातात. वर जाणारी वाफ थंड भांड्याच्या बुडाला लागून थेंबाथेंबाने पात्रात जमा होते. वरचे पाणी तापले की बदलावे लागते. ते किती वेळा बदलले, यावरून मद्य कितपत तीव्र आहे याचा अंदाज बांधला जातो. पहिल्या धारेचे मद्य सर्वांत कडक असते; पुढे त्यातील अल्कोहोलचे प्रमाण घटत जाते.

जिनचा पाया धान्यादींपासून तयार केलेले, स्वतःचा विशेष स्वाद नसलेले मद्यार्क हा असतो. ज्युनिपरच्या फळांमुळे त्याला वैशिष्ट्यपूर्ण चव येते. मोहाच्या मद्यात वेगळा स्वाद मिसळावा लागत नाही. गोव्यातील काजूच्या फेणीप्रमाणे मूळ घटकाचा गंध त्यात उतरतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गोंड व अन्य आदिवासी समाजांत जन्म, विवाह, मृत्यू आणि सणाच्या प्रसंगी मोहाच्या मद्याला स्थान आहे. पिण्यापूर्वी पूर्वजांच्या व देवतांच्या नावाने काही थेंब जमिनीवर वाहिले जातात.

कायदा काय सांगतो?

छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींसाठी घरगुती वापराची मर्यादा ५ लिटर आहे. ही सवलत अन्य नागरिकांना लागू नाही. त्यामुळे भिलाईतील इतर रहिवाशांना हौस म्हणूनही घरी मद्य गाळता येत नाही. अनुसूचित क्षेत्रांत मद्याचे नियमन, निर्बंध किंवा बंदी यांबाबतचे अधिकार ग्रामसभेला व पंचायतीला देण्याची तरतूद १९९६ च्या 'पेसा' कायद्यात आहे.

मोहावरील नियंत्रण ब्रिटिश काळापासूनचे आहे. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांबाबत स्वतंत्र कायदा करण्यात आला होता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्य गाळणे हा गुन्हा आहे. मात्र मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे.

खाणीतील दारूविरोधी चळवळ

घरापुरती असलेली दारू बाजारात आली की काय होते, याचा अनुभव भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाण कामगारांनी घेतला. १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने मजुरी वाढवून घेतली. परंतु वाढीव पैसा दारूच्या दुकानांत जाऊ लागला. तेव्हा संघटनेने दारूविरोधी मोहीम हाती घेतली. तीत महिला कामगारांचा मोठा सहभाग होता. कामगारांच्या पुढाकारातून तेथे १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू झाले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे हत्या झाली.

आरोग्याचा प्रश्न

घरी गाळलेल्या मद्यातील अल्कोहोलचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे असते. त्यामुळे किती प्यायले गेले याचा अंदाज चुकू शकतो. पहिल्या धारेचे मद्य ज्वलनशील असल्याने उघड्या चुलीजवळ अपघाताची शक्यता असते. विक्रीसाठी गाळलेल्या दारूत नवसागर, युरिया यांसारखे पदार्थ मिसळले जाण्याचा धोका अधिक असतो. सर्वांत घातक भेसळ मिथेनॉलची होय. ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही आणि त्यामुळे अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला.

मध्य प्रदेश सरकारने २०२१ मध्ये मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याचे धोरण जाहीर केले. परवाना आणि तपासणी यांमुळे भेसळीला आळा बसू शकतो. मात्र फुले वेचणाऱ्या कुटुंबांना या नव्या बाजारपेठेतून रास्त मोबदला मिळणे आणि त्यांचा घरगुती हक्क अबाधित राहणे, यांवरच अशा धोरणाचे यश अवलंबून आहे.