२४ जुलै : डॉ. शैला लोहिया स्मृतिदिन

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हीच आपली कर्मभूमी मानणाऱ्या लेखिका व समाजसेविका डॉ. शैला लोहिया यांचे २०१३ साली आजच्या दिवशी देहावसान झाले. ६ एप्रिल १९४० रोजी धुळ्यात जन्मलेल्या व राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या शैलाताई विवाहानंतर मराठवाड्यात आल्या आणि महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करीत असतानाच, पती डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या ‘मानवलोक’ या १९८२ साली उभ्या राहिलेल्या संस्थेच्या कार्याशी एकरूप झाल्या. जेथे अवर्षणाने शेती बुडाली म्हणजे बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीस बाहेर पडतात आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव ना सातबाऱ्यावर असते ना माहेरच्या घरावर, तेथे ‘मनस्विनी’ प्रकल्पाद्वारे अशा स्त्रियांना आधार व आत्मसन्मान मिळवून देण्याचे त्यांचे कार्य मला त्यांच्या लेखनाइतकेच, किंबहुना त्याहूनही, मोलाचे वाटते. या दांपत्याचा संसार व समाजकार्य यांत भेद असा उरलाच नव्हता. शैलाताईंचा ‘भूमी आणि स्त्री’ हा ग्रंथ जिल्ह्यातील ग्रंथालयांनी आज आवर्जून वाचकांपुढे ठेवावा.